जांगड आणि आडनाव

हिऱ्यांच्या बाजारात ‘जांगड’ नावाचा एक व्यवहार चालतो. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांवर त्याला ‘जाकड’ म्हणत. माल विकायचा नाही, नुसता पसंतीसाठी दुसऱ्याच्या हाती द्यायचा. गिऱ्हाईक मिळालं तर पैसे, नाही तर माल परत. लाखोंचे हिरे कागदाच्या पुडीत घालून एका चिठ्ठीवर असे हातोहात जातात. मला या व्यवहाराचं कौतुक वाटतं आणि त्याबरोबर एक प्रश्नही छळतो: असा विश्वास हा माणसाचा सद्गुण म्हणायचा, की घराण्याचं भांडवल?

उत्तर गुजरातमधल्या पालनपूरची जैन कुटुंबं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत हिऱ्यांच्या धंद्यात स्थिरावली. 1960 नंतर त्यांच्यातली काही बेल्जियममधल्या अँटवर्पला पोचली. तिथे ज्यू व्यापाऱ्यांचा जम बसलेला होता. भारतीयांनी सुरुवात केली ती बारीक, हलक्या खड्यांपासून. तिथली मजुरी देऊन त्यांना पैलू पाडणं परवडत नसे, सुरतेत परवडे. एक भाऊ अँटवर्पला कच्चा माल घेई, दुसरा सुरतेत तो घडवून घेई, तिसरा मुंबईतून विके. पुढे चुलतभाऊ, भाचे हाँगकाँग, न्यूयॉर्क, दुबईला गेले. आज जगातल्या बहुतेक हिऱ्यांना, निदान नगांच्या हिशेबात, पैलू पडतात ते सुरतेत.

हा विस्तार नात्यांच्या दोरीवरून झाला, आणि त्याला कारण होतं. समुद्रापलीकडे माल पाठवायचा तर तो घेऊन पळून न जाणारा माणूस लागतो. भावाकडे तारण मागावं लागत नाही. परक्याशी सौदा ठरला, तर अँटवर्पमध्ये हात मिळवून ‘मझल’ म्हणतात. हा हिब्रू शब्द गुजराती तोंडीही रुळला. तो म्हटला की सौदा पक्का. मग माघार नाही.

तत्त्वज्ञ कांटने 1785 सालच्या एका ग्रंथात दुकानदाराचं उदाहरण दिलं आहे. हा दुकानदार लहान मुलालाही फसवत नाही, सगळ्यांना एकच भाव लावतो. पण तसं वागण्यात त्याचा फायदा असेल, तर त्या प्रामाणिकपणाला नैतिक मोल कसलं, असा कांटचा सवाल. हिरे बाजाराला तो नेमका लागू पडतो. शब्द मोडला तर बातमी संध्याकाळपर्यंत मुंबईहून अँटवर्पला पोचते. मग कुणी पुडी देत नाही, पोरांची लग्नं जमायलाही जड जातं. एवढी भीती मानेवर असताना पाळलेल्या शब्दाला सद्गुण म्हणायचं का?

मला वाटतं, कांट इथे जरा जास्तच कडक आहे. भीतीपोटी लागलेली सवय पुढे स्वभाव बनू शकते. पिढ्यान्‌पिढ्या शब्द पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला शब्द मोडण्याचा विचारही सुचत नसेल, तर ते कमी नाही. मला खुपतं ते वेगळंच. या विश्वासाला कुंपण आहे.

बावीस वर्षांच्या पुतण्याला पहिली पुडी मिळते ती आडनावावर. त्याने अजून काहीच सिद्ध केलेलं नसतं. सुरतेत घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या फिरत्या चकतीवर, बसणाऱ्या कारागिराच्या बोटांमधून वीस वर्षांत किती हिरे गेले याची गणती नसते. तरी हिरा देताना वजन, घेताना वजन. मजुरी बहुतेक नगावर. 2008 साली जागतिक मंदी आली तेव्हा हजारो कारागीर घरी बसले. प्रामाणिक दोघंही होते. पण एकाच्या प्रामाणिकपणाची पत झाली, दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाला नोकरीची अट समजलं गेलं.

कुणी म्हणेल, सौराष्ट्रातून आलेले कितीतरी कारागीर पुढे स्वतःच कारखानदार झाले. खरं आहे. पण वर चढल्यावर त्यांनी हात दिला तो बहुधा आपल्याच गावच्या, आपल्याच नात्यातल्या माणसांना. म्हणजे कुंपण सरकलं, पण उखडलं नाही.

नात्याऐवजी कागद आणला तरी कुंपण सुटत नाही. 2003 पासून कच्च्या हिऱ्यांना ‘किंबर्ली प्रोसेस’चं प्रमाणपत्र लागतं. त्याच्या व्याख्येत बंडखोरांच्या युद्धांना पैसा पुरवणारे हिरे बसतात. 2008 मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगे खाणींवर सरकारी फौजांनीच माणसं मारली, ती हिंसा व्याख्येबाहेर राहिली.

म्हणून मला कांटच्या उदाहरणातलं ते लहान मूल महत्त्वाचं वाटतं. फसवलं तरी ते दुकानदाराची बदनामी करू शकत नाही. कारागीरही करू शकत नाही. बरोबरीच्या व्यापाऱ्याला दिलेला शब्द पाळण्यात धंद्याचं शहाणपण आहे. जो आपलं काहीच बिघडवू शकत नाही, त्याच्याशी मंदीच्या महिन्यात आपण कसे वागतो, यावर सद्गुण ठरतो.

हा हिशेब फक्त हिरेवाल्यांनी मांडायचा नाही. मुंबई-पुण्यात भाड्याने घर शोधताना आधी आडनाव विचारलं जातं, हे तुम्हीही अनुभवलं असेल. आणि आपल्याच घरी कामाला येणाऱ्या मावशी दहा वर्षांच्या झाल्या, तरी कपाटाची किल्ली आपण त्यांच्यासमोर ठेवतो का?