जीएनएमची तीन वर्षं आणि घर

बारामतीजवळच्या कन्हेरीचा मारुती राज्याला ठाऊक आहे तो निवडणुकीमुळे. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ तिथे फुटतो. अशा गावांतून रोज सकाळी डबा घेऊन बारामतीच्या खाजगी दवाखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांची मात्र कुठे चर्चा होत नाही. पेशंट त्यांना सिस्टर म्हणतात. पण त्यांतल्या कितीतरी जणींकडे नर्सिंगची नोंदणी नसते. बारावी झाली, लग्न झालं, मुलं झाली आणि काम डॉक्टरांच्या हाताखाली शिकल्या. अशा बाईने तिशीत जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, करायला पुन्हा कॉलेजात जावं का? घरचे म्हणतात, जिद्द असेल तर जा. मला हे उत्तर पटत नाही. जिद्द तिच्यात आहेच. तिला हवा आहे वेळ, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो.

अनुभव असताना शिक्षण कशाला, असंही विचारतात. सलाइनचंच घ्या. ५०० मिली आठ तासांत द्यायची आणि सेट २० थेंबांना एक मिलीचा असेल, तर मिनिटाला साधारण २१ थेंब पडायला हवेत. सरावलेली बाई नजरेनेच वेग लावते आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. पण बाळासाठी मायक्रो सेट लावला की एका मिलीला ६० थेंब होतात, तिथे नजर पुरत नाही. प्रसूतीनंतर लगेच दिल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनचंही तेच. सुई ती रोज टोचते, पण ती मिनिटाच्या आत का आणि गर्भाशय आवळलं नाही तर पुढे काय, हे तिला कुणी बसून शिकवलेलं नसतं. म्हणून अभ्यासक्रम सैल करा, ही मागणी मी करणार नाही. थिअरीला ८० टक्के हजेरी आणि प्रत्यक्ष वॉर्डात १०० टक्के, हा नियम कडक आहे आणि तो तसाच राहावा.

अडचण येते ती रात्रपाळीत. शेतीला रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात नवरा उसाला दारं धरायला रानात. त्याच आठवड्यात हिची वॉर्डातली रात्रपाळी लागली, तर पाच वर्षांचं मूल कुणाजवळ झोपणार? सासू धड असेल तर प्रश्न मिटतो, नसेल तर तिथेच शिक्षण थांबतं. शिवाय नोकरी सोडली की पगारही बंद.

बाईच्या वेळेचा विचार पूर्वी झालेला आहे. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधरांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेव्हा प्रौढ बायकांचे वर्ग त्यांनी दुपारी ठेवले. घरकामातून त्यांना उसंत मिळायची ती तेवढीच. पुढे नर्सिंग शिकायला त्यांनी मुली आणि विधवा ससूनमध्ये पाठवल्या, तेही भल्या घरच्या बाईने परक्या रोग्याला हात लावणं समाजाला रुचत नव्हतं त्या काळात. संस्थेने आधी बाईचा दिवस पाहिला आणि मग तासाची वेळ ठरवली. आज बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मोठी रुग्णालयं आहेत. तिथे शिकायला येणाऱ्या आईसाठी रात्रीही उघडं असणारं पाळणाघर आणि शिकण्याच्या काळात पगाराची थोडीतरी भरपाई करणारं विद्यावेतन मागणं मला मुळीच जास्त वाटत नाही.

घरात ऐकू येणारं दुसरं वाक्य म्हणजे, मुलं मोठी झाल्यावर बघू. हे वाक्य फसवं आहे. एएनएम हा नर्सिंगचा धाकटा कोर्स आणि जीएनएम, दोन्हीकडे प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ आहे. मुलगा दहावीला पोचेपर्यंत थांबलेल्या बाईला बहुधा दार बंद झालेलं दिसतं. पण एएनएम झालेल्या बाईला जीएनएमसाठी वयाची अट लागत नाही, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. दोन वर्षांचं एएनएम वेळेत केलं, तर मधे नोकरी करून पुढची तीन वर्षं नंतरही घेता येतात. बत्तिशी-तेहतिशीतल्या बाईला मी हीच वाट सुचवीन.

सगळ्यांनी जावंच, असं मात्र मी म्हणणार नाही. घरावर कर्ज आहे, मूल आजारी आहे, आधार कुणाचाच नाही, अशा घडीला थांबणारी बाई शहाणीच. फक्त तो निर्णय तिच्या एकटीच्या माथी मारू नये. फॉर्म भरण्याआधी नवरा-बायकोने, सासू-सासऱ्यांनी कॅलेंडर समोर घेऊन बसावं. रात्रपाळीला मूल कुणाकडे, सोसायटीचा हप्ता कशातून, सकाळच्या धारा कोण काढणार, हे नावानिशी ठरवावं. यंदा नाही जमलं, तर पुढल्या वर्षी पुन्हा बसावं, पस्तिशी उलटायच्या आत.