विकलेलं अन्न

शेगावात जेवण दोन तऱ्हांनी मिळतं. गजानन महाराज संस्थानाच्या महाप्रसादाला पैसा लागत नाही. रांगेत उभं राहायचं आणि ताटात पडेल ते प्रसाद म्हणून खायचं. दुसरीकडे गावात कुटुंबांनी चालवलेल्या खाणावळी आहेत. नवरा गल्ल्यावर, बायको किंवा आई शेगडीपुढे, मुलगा नाहीतर पुतण्या वाढायला. ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. हात धुवायचे, पैसे द्यायचे आणि निघायचं. भाविकाच्या मनात या दोन जेवणांची प्रतवारी पक्की असते: पहिलं पवित्र, दुसरं नुसता व्यवहार. ही प्रतवारी मला मान्य नाही. दाम लागल्याने अन्नाचं ब्रह्मपण जात नाही, एवढंच मला म्हणायचं नाही. विकतच्या जेवणाने आपल्या समाजात धर्माचं असं एक काम केलं, जे फुकटच्या पंगतीला शतकानुशतकं जमलं नव्हतं, असं माझं मत आहे.

आधी परंपरेचं म्हणणं ऐकू, कारण ते उथळ नाही. तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगूला ब्रह्माची पहिली ओळख अन्न म्हणूनच पटते, आणि दाराशी आलेल्याला परत पाठवू नये, असं व्रत तिथे सांगितलं आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काळात व्यापारावर जगणाऱ्या ब्राह्मणाने काय विकू नये याची यादी येते आणि तिच्यात शिजवलेलं अन्न आहे. यामागचा विचार मला समजतो. भूक ही माणसाला अडवून धरायची सर्वांत सोपी जागा. तिथे भाव ठरवायला बसलेला माणूस दुसऱ्याच्या जिवाचा भाव ठरवत असतो. ही भीती खरी आहे आणि दुष्काळ पाहिलेल्या वऱ्हाडाला ती समजावून सांगावी लागत नाही. पण त्याच मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडला की फुकटच्या आतिथ्याची दुसरी बाजू दिसते. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय हा अतिथी नव्हे, आणि वैश्य किंवा शूद्र आला तर त्याला दया म्हणून नोकरांबरोबर जेवू घालावं, अशी तिथली व्यवस्था आहे. म्हणजे दाराशी आलेला परत जायचा नाही. मात्र तो बसणार कुठे, हे त्याच्या जन्मावरून आधीच ठरलेलं. दान देणाऱ्याच्या हाती जागा ठरवण्याचा अधिकारही असायचा. त्या अधिकाराचा हिशेब आपण कधी मांडत नाही.

शेगाव ज्यात येतं त्या बुलढाणा जिल्ह्याच्या मातीतच याचे दोन पुरावे आहेत. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखोबांचं जन्मगाव मानतात. जोहाराच्या अभंगात चोखोबा उष्ट्याच्या आशेने आलेला भुकेला म्हणून उभे राहतात. ते उष्टं फुकट होतं, आणि ते घेणं हा जन्माने वाट्याला आलेला नेम होता. पुढे 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाणारा एक दिगंबर पुरुष बंकटलाल अगरवाल आणि दामोदर कुलकर्णी यांना दिसला. मागाहून त्याच्यापुढे भरलेलं पात्र आणून ठेवलं, तर त्याने सगळे पदार्थ एकत्र कालवले आणि खाल्ले. पाणी प्यायला तो गुरांसाठी भरलेल्या पाण्याकडे गेला. गजानन महाराजांच्या प्रकटण्याची ही कथा घराघरात सांगितली जाते. अन्नाचा कण फुकट जाऊ नये, असा तिचा अर्थ लावतात. तो बरोबरच आहे. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. महाराजांनी उष्टं उचललं तेव्हा ते निवडलं होतं. चोखोबांना निवड नव्हती. तेच शीत एकाच्या हाती वैराग्य होतं आणि दुसऱ्याच्या हाती लाचारी. म्हणून 1927च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी उष्टं खाणं सोडायला सांगितलं, तेव्हा ते अन्नाचा अपमान करत नव्हते. फुकटच्या घासामागे दडलेली पायरी ते नाकारत होते.

ही पायरी खाणावळीतल्या पैशाने मोडते. ताटाचे पैसे मोजणारा माणूस कोणाच्या उपकाराखाली बसत नाही. भाजीत मीठ कमी आहे असं त्याला म्हणता येतं, भाकरी गरम मागता येते, आणि कुळ-गोत्र न सांगता उठता येतं. आक्षेप येईल तो लगेच: हॉटेलांनी जात कुठे सोडली? वेगळ्या कपबशा तिथेही होत्या. होत्या, आणि काही ठिकाणी त्या फार उशिरापर्यंत टिकल्या. पण त्यांच्याशी लढा कुठल्या वाटेने झाला ते पाहावं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला, बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. एखाद्या घरची पंगत राजाला अशी उघडता आली नसती. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहात कोणालाही अडवायला मनाई केली आणि 1955च्या कायद्याने ती मोडणं गुन्हा ठरवलं. घरच्या स्वयंपाकघरापर्यंत असा कायदा पोचत नाही. अन्न विकायला बाहेर आलं, म्हणून तर त्याच्यावर समतेचा हक्क सांगता आला. शेगावची प्रसिद्ध कचोरीसुद्धा फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950च्या सुमारास रेल्वे स्थानकावर विकायला सुरुवात केली. मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. फलाटावर ती घेणाऱ्याने बनवणाऱ्याची जात विचारली नाही आणि बनवणाऱ्याने खाणाऱ्याची. निर्वासित कुटुंब जगलं आणि गावाला नवी ओळख मिळाली, दोन्ही विक्रीतूनच.

इथवर जे म्हटलं ते गिऱ्हाइकाच्या बाजूने. मला अधिक अवघड वाटतो तो आक्षेप शेगडीपुढच्या बाईचा. ‘घरगुती जेवण’ या पाटीखाली तिचे कष्ट पगाराविना जातात. गल्ल्यावर तिचा हात नसतो, आणि पहाटेच्या कणकेपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंतचा दिवस ‘घरचंच काम’ म्हणून मोजलाच जात नाही. मुलांचंही तेच. 2006च्या ऑक्टोबरपासून हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी आली. पण 2016च्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या धंद्यात मदत करायची मुभा दिली. या मुभेत लेकराचा अभ्यास कुठे बुडतो, ते बाहेरून कळत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. मात्र त्याचं उत्तर विक्री थांबवणं हे नाही, हिशेब उघडा करणं हे आहे. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात पिचत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बायका तोच स्वयंपाक करत राहिल्या, पण आता त्याचे पैसे त्यांच्या हाती येऊ लागले. खाणाऱ्याला पैशाने जी मोकळीक मिळाली, तीच रांधणारीलाही मिळाली पाहिजे. नाहीतर एकाची पायरी मोडून दुसरीची तशीच ठेवल्यासारखं होईल.

राहिला तो सर्वांत जुना प्रश्न: ज्याच्याकडे दामच नाहीत त्याचं काय? इथे महाप्रसादाची थोरवी मी मनापासून मानतो. जो येईल त्याला पोटभर देणं, तेही स्वच्छपणे आणि शिस्तीने, ही साधी गोष्ट नाही. पण तो प्रसादही भक्तांच्या देणग्यांवर आणि सेवेकऱ्यांच्या कष्टांवर उभा आहे. पैसे तिथेही कोणीतरी दिलेलेच असतात, फक्त खाणाऱ्याने नव्हे. देणारा अनोळखी आणि असंख्य असल्यामुळे खाणाऱ्याची मान खाली जात नाही, हे त्या व्यवस्थेचं खरं बळ. 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेल्या शिवभोजन योजनेने हेच बळ खाणावळीत आणलं. थाळीचे दहा रुपये खाणारा देणार, ग्रामीण भागात पस्तीस आणि शहरात पन्नास रुपयांपर्यंतची उरलेली रक्कम सरकार भरणार, आणि शिजवणार गावातलीच खाणावळ नाहीतर बचत गट. त्या दहा रुपयांना मी फार महत्त्व देतो. पूर्ण फुकट ठेवणं कदाचित सोपं गेलं असतं. पण दहा रुपये देऊन हमाल, रिक्षावाला किंवा एसटी स्थानकावर उतरलेला मजूर गिऱ्हाईक म्हणून बाकावर बसतो. शासनाने मात्र आपल्या वाट्याची रक्कम वेळेवर पोचवली पाहिजे, कारण ती अडकली तर उधारीवर डाळ-तांदूळ आणून दुसऱ्या दिवशीची चूल पेटवायची ती त्याच कुटुंबाला.