खोट्या नवलाचे मोल

नवलाची भूक माणसाला जन्मतःच असते. मूल बोलू लागले की 'हे काय?' हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि 'असे कसे?' हा दुसरा. वय वाढते तशी पोटाची भूक मंदावते. ही भूक मात्र वृद्धापकाळीही तशीच राहते. वृत्तपत्रातली 'हे तुम्हांला ठाऊक आहे काय?' ही चौकट, धर्मग्रामाच्या सणानिमित्त होणारी सामान्यज्ञानाची स्पर्धा, लग्नाच्या मांडवात रंगलेल्या वडीलधाऱ्यांच्या गप्पा आणि आता प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल, या सर्वांना चालना देते ती हीच भूक. तिच्यात गैर असे काही नाही. परंतु या नवलांपैकी कितीतरी खोटी असतात. ती ऐकताना आनंद होतो, सांगताना त्याहून अधिक होतो आणि कोणी शंका काढलीच तर उत्तर ठरलेले असते: असेना का खोटे, त्यात कोणाचे काय बिघडले? या साध्या वाटणाऱ्या उत्तराचाच विचार आम्ही येथे करू इच्छितो. निरुपद्रवी भासणारी खोटी गोष्ट पुढे सांगणे हा नीतीचा प्रश्न आहे काय? आणि असेल तर कितपत?

प्रथम खऱ्या नवलाचे ऋण मान्य केले पाहिजे. अविलाची संत तेरेजा 1582 साली 4 ऑक्टोबरच्या रात्री स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस येथे मरण पावली, आणि त्या रात्रीनंतर जो दिवस उजाडला तो 15 ऑक्टोबर होता. यात चमत्कार काही नाही. जुन्या रोमन पंचांगातील वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. शतकानुशतके साचत गेलेली ही मिनिटे दहा दिवसांपर्यंत पोहोचली. लुइजी लिलिओ या इटालियन वैद्याने दुरुस्तीची योजना आखली, ख्रिस्तोफर क्लावियुस या येशूसंघीय गणितज्ञाने तिचा पाठपुरावा केला आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी ते दहा दिवस पंचांगातून काढून टाकले. संत तेरेजाचा सण आपण 15 ऑक्टोबरला पाळतो, त्यामागे हा हिशेब आहे. ही हकीकत कळली की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. जी तारीख आपण आकाशातून उतरलेली समजत होतो, ती माणसांनी आपसांत ठरवलेली आहे हे ध्यानात येते.

असेच दुसरे नवल आपल्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातले आहे. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीइतके आपले, अस्सल आणि परंपरागत दुसरे काय असणार? परंतु आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणे, मिरची आणि बटाटा हे चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीपूर्वी आपल्याकडच्या एकाही चुलीवर ते चढले नव्हते. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडून आलेला आहे. एवढे कळल्यावर 'आपले' आणि 'परके' हे शब्द उच्चारताना जीभ किंचित अडखळते, आणि ते अडखळणे हिताचेच असते. खरे नवल असे काहीतरी करून जाते. ते मनातली एखादी भिंत हलवते.

आता खोट्या नवलाकडे वळू. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे वाक्य कित्येक पिढ्यांनी पाठ केले. 1932 साली रॉबर्ट रिप्ले यांच्या 'बिलीव्ह इट ऑर नॉट' या जगप्रसिद्ध सदरात ते छापून आले होते. चंद्रावर मानवाचे पाऊल पडले 1969 मध्ये. म्हणजे तेथून काय दिसते हे पाहणारा कोणीही नसताना ते दिसते असे सदतीस वर्षे आधीच जाहीर झाले होते. चंद्र सुमारे 3,84,000 किलोमीटर दूर आहे आणि भिंतीची रुंदी काही मीटर. माणसाच्या डोक्यावरचा एक केस चार-पाच किलोमीटरांवरून दिसावा, अशातला हा प्रकार आहे. 2003 साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला. तो चंद्राहून कितीतरी जवळ होता, तरीही आपल्याला भिंत दिसली नाही, असे त्याने प्रांजळपणे सांगितले. स्वदेशाला सुखावणारी थाप मारणे त्याला सहज शक्य होते. त्याने ती मारली नाही.

येथे कोणी म्हणेल, भिंत ती भिंत. तिची अब्रू थोडीच गेली? मान्य. पण हीच सवय माणसांकडे वळली की काय होते, ते फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या बाबतीत पाहावे. प्रजेला भाकर मिळत नाही असे कानी आल्यावर, मग त्यांनी केक खावा, असे ती म्हणाल्याची कथा जगभर सांगितली जाते. ती तसे म्हणाल्याचा समकालीन पुरावा नाही. रूसो या तत्त्वज्ञाच्या आत्मचरित्रात अशी एक आठवण आहे. परंतु तेथे केवळ 'एक थोर राजकन्या' असा उल्लेख आहे, आणि पदार्थही केक नसून लोणी-अंडी घातलेला ब्रिओश नावाचा पाव आहे. तो भाग रूसोने 1765 च्या सुमारास लिहिला. त्या वेळी मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात होती आणि तिचे वय होते अवघे दहा वर्षे. बेवारस कथा धनी शोधत फिरत होती. तिला एक राणी सापडली. 1793 मध्ये राणीचा शिरच्छेद झाला. तिच्या राजवटीचे दोष कमी नव्हते आणि भुकेल्या प्रजेचा संतापही खोटा नव्हता. परंतु जे ती बोललीच नाही त्यासाठी दोन शतके तिला निष्ठुर ठरवणे, हा मृत माणसाविरुद्ध दिलेल्या खोट्या साक्षीचाच प्रकार नव्हे काय? आठव्या आज्ञेचा अर्थ लावताना आपण जिवंत शेजाऱ्याचा विचार करतो. मृत शेजारी तर उठून उत्तरही देऊ शकत नाही.

याहून अवघड आहे ते दयाळू असत्य. आइन्स्टाइन शाळेत गणितात नापास झाले होते, ही कथा कित्येक आईबापांनी निकालाच्या दिवशी रडणाऱ्या मुलाला सांगितली असेल. तिचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. रिप्ले यांच्याच सदरात ती 1935 मध्ये छापली गेली होती. खुद्द आइन्स्टाइन यांना ती दाखवण्यात आली, तेव्हा त्यांनी ती साफ नाकारली; पंधरा वर्षांचे होण्याआधीच आपण कलनशास्त्र आत्मसात केले होते, असे त्यांनी सांगितले. मग मुलाच्या सांत्वनाचे काय? आमचे म्हणणे असे, की सत्यात त्याहून चांगले सांत्वन आहे. 1895 साली, नेहमीपेक्षा दोन वर्षे लहान असताना, आइन्स्टाइन झुरिकच्या तंत्रविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसले. गणित आणि पदार्थविज्ञान यांत ते चमकले, परंतु इतर सामान्य विषयांत कमी पडले आणि त्यांना प्रवेश मिळाला नाही. ते आराऊ गावच्या शाळेत गेले, वर्षभर अभ्यास केला आणि 1896 मध्ये त्याच विद्यालयात दाखल झाले. खोटी कथा मुलाला सांगते की नापास होणे हेच थोरपणाचे लक्षण आहे. खरी कथा सांगते की जे कच्चे राहिले ते वर्षभर बसून पक्के करता येते. पहिलीने अश्रू पुसले जातात. दुसरीने अश्रू पुसून पुस्तकही उघडले जाते. शिवाय मूल मोठे झाल्यावर पहिलीचा खोटेपणा त्याला कळणारच, आणि त्या दिवशी आईबापांच्या इतर शब्दांवरचाही त्याचा विश्वास थोडा उणा होणार.

आता आम्ही स्वतःकडे, म्हणजे आपल्या घराकडे वळतो. मध्ययुगातील ख्रिस्ती लोक पृथ्वी सपाट मानत आणि कोलंबसाने त्यांचा भ्रम दूर केला, असे आजही ऐकू येते. हे खरे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या प्रमुख ग्रंथाच्या आरंभीच पृथ्वीच्या गोलपणाचे उदाहरण घेतले आहे, आणि तेही सर्वांना मान्य असलेली गोष्ट म्हणून. कोलंबस आणि त्याचे टीकाकार यांच्यातला वाद पृथ्वीच्या आकाराचा नव्हता, अंतराचा होता. आणि त्यात टीकाकारच बरोबर होते, कारण कोलंबसाने पृथ्वी आहे त्याहून बरीच लहान मानली होती. सपाट पृथ्वीची कथा लोकप्रिय केली ती 1828 साली प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन अर्व्हिंग यांच्या कोलंबस-चरित्राने. ही दुरुस्ती सांगताना आपल्याला उत्साह येतो. येणारच, ती आपल्या बाजूची आहे.

परंतु कसोटी पुढे आहे. न्यायासनासमोरून उठताना गॅलिलिओ पुटपुटले की तरीही पृथ्वी फिरतेच, ही कथाही अशीच संशयास्पद आहे. तिचा सर्वांत जुना ज्ञात छापील उल्लेख 1757 चा, म्हणजे खटल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनंतरचा आहे. मात्र ती कथा खोडून काढली म्हणून 1633 चा खटला खोडला जात नाही. एका वृद्ध शास्त्रज्ञाला गुडघे टेकून आपले मत सोडावे लागले आणि 1642 मध्ये मृत्यू येईपर्यंत नजरकैदेत राहावे लागले, हे सत्य आहे. 31 ऑक्टोबर 1992 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या प्रकरणातील धर्मपंडितांची चूक उघडपणे मान्य केली. पहिली दुरुस्ती जितक्या उत्साहाने सांगावी तितक्याच स्पष्टपणे हेही सांगता आले, तरच आपले प्रेम सत्यावर आहे. एरवी ते केवळ आपल्या बाजूवर आहे.

राष्ट्राभिमानाचेही तसेच. 1950 साली ब्राझीलमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत भारताला जागा मिळाली होती. परंतु अनवाणी खेळू देत नाहीत म्हणून संघ गेला नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. त्या वेळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे स्पष्ट केले की तसे काही नव्हते; चालकांना त्या स्पर्धेपेक्षा ऑलिंपिकचे महत्त्व अधिक वाटत होते. खोट्या नवलाने येथे एका चुकलेल्या निर्णयावर अभिमानाची शाल पांघरली. चूकच दिसेनाशी झाली, तर तिच्यापासून शिकणार कोण?

यावर एक रास्त आक्षेप आहे. संसारी माणसाने प्रत्येक गोष्ट पडताळत बसावे काय? तसे केले तर गप्पा मारणेच अशक्य होईल. याचे उत्तर शोधताना संत ऑगस्टिन यांचा आधार घेता येतो. असत्यभाषण या विषयावर त्यांनी दोन स्वतंत्र प्रबंध लिहिले. जो मनात एक ठेवून दुसऱ्याला फसवण्यासाठी वेगळेच बोलतो तो लबाड. परंतु जो स्वतः खरे मानूनच चुकीचे बोलतो तो लबाड नव्हे, फार तर उतावळा, असा भेद त्यांनी केला. हा भेद आम्हांला मोलाचा वाटतो. खोटे नवल सांगणारा बहुधा लबाड नसतो. त्याचा दोष उतावळेपणाचा असतो. आणि उतावळेपणाचे गांभीर्य हातात काय आहे यावर ठरते. फुलदाणी घेऊन धावणे वेगळे आणि तान्हे मूल घेऊन धावणे वेगळे. चीनच्या भिंतीविषयी चुकले तर फुलदाणी फुटते. एखाद्या व्यक्तीविषयी, जातीविषयी, शेजारच्या धर्माविषयी चुकले तर जे फुटते ते सांधता येत नाही. म्हणून ज्या गोष्टीला माणसाचे नाव चिकटले आहे ती पुढे सांगण्यापूर्वी थांबावे. आणि जी ऐकताना आपल्याला विशेष गोड वाटली तिच्याविषयी दुप्पट थांबावे. उरलेल्या गोष्टींसाठी 'असे ऐकले आहे' हे शब्द पुरेसे आहेत. ते उच्चारायला पैसा लागत नाही.

असा संयम शक्य असतो, याचे एक उदाहरण आहे. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याचा आरंभ एका अतिशय घनदाट अवस्थेतून झाला, ही कल्पना 1927 ते 1931 या काळात मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धांताचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला. कोणत्याही धर्मगुरूला हर्ष व्हावा असाच तो प्रसंग होता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत विज्ञानाचा आहे, तो उद्या चुकीचाही ठरू शकेल आणि धार्मिक प्रश्नांच्या तो बाहेर आहे, अशी त्यांची भूमिका होती. जे नवल त्यांच्या श्रद्धेला सर्वांत अधिक सोयीचे होते, त्याचेच मोल त्यांनी वाढू दिले नाही. 1966 मध्ये मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, त्या आरंभाचा पुरावा मानले जाणारे प्रारण सापडल्याची वार्ता त्यांच्या कानी आली. सत्य आपल्या पायांनी चालत त्यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी त्याला ओढून आणले नव्हते.

खऱ्या नवलांचा तुटवडा असता तर खोट्यांची गरज समजून घेता आली असती. परंतु दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मुंबईत पाहिलेल्या प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपटातून मिळाली, आणि पुढे 1917 च्या त्यांच्या 'लंकादहन' मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या, याहून अधिक नवलाचे कोणी रचून तरी काय रचणार? म्हणून घरातले मूल एखादे नवल घेऊन धावत आले, तर त्याला हिडीसफिडीस करू नये आणि डोळे मिटून मानही डोलवू नये. 'वा! हे तुला कोठून कळले?' एवढेच विचारावे. या प्रश्नात कौतुकही आहे आणि सत्याची चाडही आहे. आणि ती चाड लहानसहान गोष्टींतच लागली, तर मोठ्या प्रसंगी साक्ष देण्याची वेळ आल्यावर ते मूल चळणार नाही.