चोखोबांची हाडं आणि पावलांचे एक्स-रे

पावलात २६ हाडं असतात, हे आमच्याकडून एक्स-रेच्या कोर्सला घोकून घेतलं होतं. परभणीत आयुष्यभर लोकांच्या पावलांचे फोटो काढल्यावर मी सांगतो, तो आकडा पुस्तकापुरता बरा. पायाच्या करंगळीत तीन हाडं हवीत. पुष्कळांना दोनच असतात, जपानात तर दोनवालेच जास्त. घोट्याच्या आतल्या अंगाला, कमानीच्या वर, नावेच्या आकाराचं एक हाड आहे. दहांतल्या एखाद्याला त्याच्या शेजारी आणखी एक छोटं हाड असतं. तसंच एक कधी कधी घोट्याच्या मागे, हरभऱ्याएवढं. नवखा डॉक्टर त्याला फ्रॅक्चर समजतो. ओळखायचं कडेवरून. ताज्या मोडलेल्या तुकड्याची कड दातेरी, उघडी दिसते. मुळातल्या हाडाची गोल, चहूबाजूंनी पांढऱ्या रेघेनं बंद केलेली.

गंगाखेडकडची एक बाई लेकाला घेऊन आली होती. पोरगं पोलीस भरतीसाठी पहाटे पळायचं. डाव्या पायाला आतून गाठ, बूट घातला की ठणका. फोटोत ते जादा हाड स्वच्छ दिसलं. तिला दाखवलं तर म्हणाली, “मागल्या जन्माचं काहीबाही आसंल दादा. लेकराचं नाही तर माझं.”

मी माळकरी घरातला. केलेलं भोगावं लागतं, हे मी मानतो. पण त्या बाईनं हाडाच्या एका तुकड्यासाठी स्वतःला गुन्हेगार ठरवलं, ते मला सहन झालं नाही. डॉक्टरांनी तुलनेसाठी उजव्या पायाचाही फोटो सांगितला. तिकडेही तेच हाड, तेवढंच. तो पाय कधीच दुखला नव्हता. पाप एकच आणि शिक्षा एकाच पायाला, हा कुठला न्याय?

आपण पावलांवर निवाडे फार सहज देतो. अंगठ्याशेजारचं बोट लांब असलेली सून नवऱ्याला धाकात ठेवते म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अंगठ्याच्या मागचं तळव्यातलं हाड जरा आखूड असतं, एवढंच. बौद्ध ग्रंथांत महापुरुषाची ३२ लक्षणं सांगितली आहेत. त्यांतलं पहिलं म्हणजे जमिनीवर सगळीकडून सारखं टेकणारं पाऊल. आणि भरतीच्या मेडिकलला सपाट पायाचं पोरगं बाद होतं.

हाड कशाचीच नोंद ठेवत नाही, असं मात्र नाही. आमच्याकडच्या बाया खुरपायला बसतात, दिवसभर उकिडव्या पुढं सरकत जातात. तशा बैठकीत नडगीच्या हाडाची खालची कड घोट्याच्या हाडाच्या मानेला टेकते, आणि दोन्हींवर नखाएवढी गुळगुळीत खूण उमटते. लाहोरच्या मेडिकल कॉलेजातले हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९०च्या दशकात पंजाबी माणसांच्या हाडांवर या खुणा नोंदवल्या. पण जे कधी उकिडवं बसलेलंच नाही, अशा तान्ह्या बाळांतही त्यांना त्या दिसल्या. म्हणजे काही खुणा कष्टानं येतात, काही न कमावता. कष्टाची नोंद हाडावर मी मान्य करतो. पाप-पुण्याची नोंद मला एकाही फोटोत दिसली नाही.

इथं मला नामदेवराय आठवतात. परंपरेनं त्यांचं जन्मगाव मानलेलं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे; १ मे १९९९ पर्यंत ते आमच्या परभणीतच होतं. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेव त्यांची हाडं आणायला गेले. ढिगाऱ्यात सगळी मजुरांचीच हाडं, सारखं ओझं वाहिलेली. आकारावरून कोण कोणाला ओळखणार? कथा सांगते की नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोखोबांचं. ती हाडं पंढरपूरला आणून महाद्वाराशी समाधी बांधली. ज्यांना जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची ओळख जातीवरून नाही, अंगलक्षणावरून नाही, नामावरून पटली. वारकरी संप्रदायात याहून मोठी गोष्ट मला माहीत नाही.

तरी एक गोष्ट मला छळते. बाकीच्या हाडांचं काय झालं? तीही त्याच भिंतीखाली गेलेल्या माणसांची होती. ती बोलली नाहीत म्हणून राहून गेली. पालखी मुक्कामाला असताना एका कीर्तनकार महाराजांना मी हे विचारलं. ते म्हणाले, “नामदेव चोखोबांना न्यायला गेले होते. बाकीच्यांचा निवाडा करायला नाही.” उत्तर मला पटलं, पण पुरलं नाही. ज्या मजुरानं जन्मात टाळ हाती धरला नाही, त्याचंही हाड विठ्ठलाचंच आहे, हे मला कोणीतरी कीर्तनात, मोठ्यानं, त्या गंगाखेडच्या बाईला ऐकू जाईल असं सांगायला हवं आहे.