चौदावा दिवस

त्या बाईला आमिष दाखवलं असणार, हे आमच्या पारावर मंगळवारीच ठरलं. तांदळाचं पोतं दिलं की रोख, एवढाच मुद्दा बाकी होता. तो बुधवारवर ढकलला. चहा नेहमीसारखा तीनदा उकळलेला. (चहा एकदाच उकळावा, हे मी या सदरात आणखी किती वेळा लिहू?)

रविवारी ती शेजारच्या गावी उपासनेला जाते, हा गुन्हा. नवरा जाऊन वर्ष झालं. एसटीत भेटली तेव्हा मी सरळ विचारलं, तिथं मिळतं काय? म्हणाली, ‘‘पाळकबाई शेजारी बसवून घेतेत. रडले तर आता पुरे म्हणीत नाहीत. नाव घेऊन विचारतेत, जेवलीस का म्हणून.’’ पोत्याचा उल्लेख आला नाही.

मग पारावर मी विचारलं, वर्षभरात तिच्या उंबऱ्याशी कोण कोण गेलं? सुगी होती, वेळ नव्हता, ही उत्तरं सोडून देतो. पण एकानं दिलेलं उत्तर फ्लेक्सवर छापण्याच्या लायकीचं होतं. ‘‘तिला एकटीला ऱ्हाऊ द्यावं म्हणलं. उगं तरास कशाला?’’

वा! हा संकोच आपल्याकडं कधी उगवला? कुणी म्हैस घेतली तर कितीला घेतली हे विचारायला आपण धार निघायच्या आत गोठ्यात. सोयरीक मोडली तर का मोडली ते कळेस्तोवर घास उतरत नाही. बाळंतिणीच्या खाटेवर तिला पाय पसरायला जागा न ठेवता चौघं बसतात. सोयाबीनला काय भाव लागला, लेकाचा पगार किती, सून माहेरी का गेली, यातलं काही विचारताना कुणाच्या एकांताची कदर केल्याचं मला तरी आठवत नाही. मतदानाच्या दिवशी हिच्याच दारात तीनदा जीप थांबली. तेराव्याला पंगती उठल्या, बुंदी कमी पडल्याची कुजबुजही झाली. तोवर तिला त्रास होत नव्हता. चौदाव्या दिवशी मात्र सगळं गाव एकदम लाटसाहेबासारखं सभ्य झालं! दुःखाचा मान राखायला म्हणून आपण इतके लांब सरकलो की ती दिसेनाशीच झाली. फ्लेक्स तेवढा चौकात राहिला. मयताचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली बावीस शोकाकुल. बावीसांपैकी एकालाही तिच्या पोराची इयत्ता सांगता आली नाही.

आमिषवाल्यांनी पंडिता रमाबाईंचं काय करायचं ते सांगावं. आईबाप आणि बहीण दुष्काळात गेली, 1880 साली भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच 1882 साली नवरा. पुढच्या वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना धर्म समजावता समजावता टेकीला आल्या, इतका वाद या बाई घालत. मनाला खरी शांती मिळायला पुढं सात-आठ वर्षं लागली, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पोत्याला भुलणारं माणूस एवढा वेळ घेत नाही.

ख्रिस्ती मित्रांनीही एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत. लक्ष्मीबाई टिळकांचं काळीज मोडलं ते त्याच बाप्तिस्म्यानं. 1895 साली नारायण वामन ख्रिस्ती झाले आणि या बाईच्या वाट्याला नवऱ्यावाचूनचे दिवस आले, त्यातले काही आपल्या शेजारच्या पंढरपुरात. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण सोवळंओवळं त्याआधीच विचार करून टाकून दिलं होतं. जिथं घाव बसला तिथंच पुढं औषधही सापडलं. याचा नियम मला बांधता येत नाही. मी बांधणारही नाही.

आपल्या जिल्ह्याला हे सगळं नवं नाही. गोरोबाकाकांचं तेर इथलंच. चिखलात तुडवल्या गेलेल्या लेकराची गोष्ट ऐकताना काकांच्या तल्लीनतेवर आपण डोलतो. लेकराच्या आईपाशी कीर्तन फार वेळ थांबत नाही. 2015 साली सरकारनं बळीराजा चेतना अभियान काढलं, तेव्हा यवतमाळबरोबर निवडला तो आपलाच जिल्हा. आणि जानेवारी 2020 मध्ये इथं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो पाठदुखीनं बेजार होऊन चाकाच्या खुर्चीतून मांडवात आले. एक पाद्री मराठीचा अध्यक्ष कसा, म्हणून धमक्या येऊन गेल्या होत्या. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘नाही मी एकला’. 2024 च्या जुलैत ते गेले. धमक्या देणाऱ्यांनी त्यांचं ‘सुबोध बायबल’ उघडून पाहिलं असेल, अशी आशा मी ठेवत नाही. नुसतं जड आहे म्हणूनही पुष्कळांनी ठेवून दिलं असेल.

त्या बायबलात लाजराची गोष्ट आहे. येशू पोचतो तेव्हा लाजराला पुरून चार दिवस झालेले. मार्था तोंडावर ऐकवते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ गेला नसता. तो सुगीचं नाव सांगत नाही. तुला एकटीला राहू द्यावं म्हटलं, असंही म्हणत नाही. थडग्याकडं जाताना तो रडतो. पुढचा चमत्कार मानायचा त्यानं मानावा, नाही त्यानं सोडावा. रडण्यापर्यंतची गोष्ट कुठल्याही गावाला जमण्यासारखी आहे.

पारावर हे मी सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, ‘‘मास्तर, तुम्ही कितींदा गेला हुतात?’’

गुरुवारी गेलो. पोरगा सहावीत आहे. तिनं चहा केला, चांगला तीनदा उकळून. दोन कप प्यालो.