बढतीचा निकष

पगार आणि बढती यांवरून नोकरदार धुमसतो तेव्हा रक्कम हे निम्मेच कारण असते. शेजारच्याला जास्त का मिळाले हे कळायला मार्ग नसणे, हे उरलेले निम्मे. हैदराबादेत हा प्रश्न आयटी कंपन्यांच्या फार आधीचा आहे.

निजामाच्या राज्यात तो मुलकी-गैरमुलकी, म्हणजे स्थानिक विरुद्ध बाहेरचे, असा वाद म्हणून पुढे आला. वरच्या जागा बाहेरून आलेल्यांना मिळतात, ही स्थानिकांची तक्रार होती. १९१९ च्या फर्मानाने १५ वर्षांचे वास्तव्य ही मुलकी ठरण्याची एक कसोटी केली. तेव्हा त्या राज्यात असलेल्या मराठवाड्यालाही ती लागू होती. १९५२ आणि १९६९ ची आंदोलने याच सलीतून पेटली. न्याय म्हणजे कोणाला घ्यायचे, एवढाच त्या काळचा अर्थ.

१९६० च्या दशकात भेल, ईसीआयएल असे सरकारी कारखाने शहरात आले आणि विचार पुढे सरकला. वेतनश्रेणी ठरलेली, ज्येष्ठता यादी जाहीर. नाव खाली गेले तर हरकत नोंदवता येई, युनियनकडे जाता येई. कामसू आणि कामचुकार एकाच पायरीवर राहत, हा या पद्धतीचा मोठा दोष होता. पण निकष उघड होता.

खासगी क्षेत्रात बदल कायद्याने आणला. समान वेतन कायदा १९७६ चा. त्याच्या आधारे मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील एका महिला स्टेनोग्राफरने पुरुष सहकाऱ्यांइतका पगार मागितला आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. कमी पगाराचा करार युनियनच्या संमतीने झाला होता, हा बचाव टिकला नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष भेदभावाची मनाई बढतीलाही लागू झाली.

त्याआधीच अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६३ मध्ये मांडले होते की, माणूस आपले कष्ट आणि मोबदला यांचे प्रमाण दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. पुढे त्याच कंपनीत जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची वरचे २०, मधले ७० आणि तळाचे १० टक्के अशी विभागणी रूढ केली. तुलना आता कर्मचारी नव्हे, कंपनी करू लागली.

१९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले, मायक्रोसॉफ्टचे विकास केंद्र आले, आणि हैदराबादेतही ‘बेल कर्व्ह’, म्हणजे ठरलेल्या टक्क्यांतच रेटिंग वाटण्याची सक्ती, हा शब्द रोजच्या बोलण्यातला झाला. दहा जणांच्या टीममध्ये मॅनेजरने चौघांना वरचे रेटिंग दिले, तरी सगळ्या टीमची रेटिंग एकमेकांशी जुळवणाऱ्या ‘कॅलिब्रेशन’च्या बैठकीत त्यातले दोन खाली येतात. ती बैठक बंद दाराआड होते. कर्मचाऱ्याच्या हाती पडते फक्त अंतिम रेटिंग. शिवाय वाढ जुन्या पगारावर टक्क्यांत मिळते. ६ लाखांवर लागलेला माणूस दरवर्षी १० टक्के वाढ घेत तीन वर्षांनी ८ लाखांच्या आसपास पोचतो. त्याच कामासाठी बाहेरून येणारा बाजारभावाने १० लाख घेऊ शकतो. निष्ठेने टिकलेल्याचाच यात तोटा होतो, आणि हे सरळसरळ अन्याय्य आहे.

मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख, मूळचे हैदराबादचे सत्य नाडेला, एका महिला परिषदेत म्हणाले की, वाढ मागण्यापेक्षा व्यवस्था योग्य ते देईल यावर विश्वास ठेवावा. टीकेची झोड उठली. हे उत्तर साफ चुकले, असे त्यांनी त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना कळवले.

विश्वास ठेवायचा तर व्यवस्था दिसायला हवी, आणि त्यासाठी कायद्याचा आधार तोकडा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९६५ साली एकट्या कामगाराच्या बडतर्फीला विवादाचा दर्जा मिळाला. बढती नाकारल्याची तक्रार मात्र युनियनने किंवा सहकाऱ्यांनी उचलून धरल्याशिवाय विवाद ठरत नसे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार संचालकाचा मोबदला पगाराच्या क्रमात मधोमध असलेल्या कर्मचाऱ्याच्या मोबदल्याच्या किती पट, हे जाहीर करावे लागते, पण फक्त शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना. हैदराबादेतील परदेशी कंपन्यांच्या अनेक उपकंपन्या तशा नोंदलेल्या नाहीत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशाने समान कामाचा सरासरी पगार विचारण्याचा हक्क कर्मचाऱ्याला दिला. युरोपात काम करणाऱ्या कंपन्यांच्या हैदराबादेतील कचेऱ्यांत बसणाऱ्यांना तो लागू नाही.