ताकद सगळ्यांकडेच असते

इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी वाचकाच्या भेटीला आलेले वेताळ आणि मँड्रेक हे एकांडे शिलेदार. सोबतीला कोणी असलं, तरी गोष्ट त्यांचीच. अमेरिकी कॉमिक्समधली महानायकांची टोळी हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे दर काही वर्षांनी कोणी सोडून जातं, कोणी मरतं आणि लेखकापुढे प्रश्न उभा राहतो : आता कोणाला घ्यायचं? या प्रश्नाचं सोपं उत्तर घात करतं. उडणारा आहे, बलदंड आहे, मग आता आगवाला आणा, असं म्हणून भरती केली की चित्रं देखणी होतात आणि माणसं मुकी राहतात.

ताकदीची परीक्षा घेऊन भरती करण्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे डीसी कॉमिक्सची 'लीजन ऑफ सुपर-हीरोज', १९५८ साली अवतरलेली, तिसाव्या शतकातल्या मुलामुलींची संघटना. उमेदवारांनी यावं, शक्ती दाखवावी, पसंत पडली तर आत, नाहीतर परत. १९६३मध्ये लेखक एडमंड हॅमिल्टन यांनी या नापासांनाच एकत्र आणलं. गारठा पसरवणारा पोलर बॉय, झाडं भराभर वाढवणारा क्लोरोफिल किड अशी ती मंडळी. ज्यांनी नाकारलं त्यांनाच ही मुलं गुपचूप मदत करतात, श्रेय मागत नाहीत. परीक्षा शक्तीची होती. वाचकाला जिंकलं ते त्यांच्या स्वभावानं.

मार्व्हलच्या स्टॅन ली यांनी १९६५मध्ये 'ॲव्हेंजर्स'च्या सोळाव्या अंकात याहून धाडसी खेळी केली. थॉर, आयर्न मॅन यांच्यासारखे दिग्गज बाहेर पडले आणि त्यांच्या जागी हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच आले. तिघेही आधी दुसऱ्या मालिकांतून खलनायकांच्या बाजूने वावरलेले. थॉरच्या जागी धनुर्धारी! ताकदीच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. पण यातली खरी मेख कॅप्टन अमेरिकाची आहे. निवड होत होती तेव्हा तो तिथे नव्हताच. परत आला तो स्वतः न निवडलेल्या माणसांचा म्होरक्या होण्यासाठी. हॉकआय त्याला उठताबसता टोकतो, नेतृत्व स्वतःला हवं म्हणतो. तोवर कॅप्टन आदर्शाचा पुतळा होता. या भांडखोराला सांभाळताना त्याची चिडचीड दिसली, संयम दिसला, तो माणूस झाला. नव्या सभासदाकडून मी हीच अपेक्षा धरतो : त्याच्या येण्याने जुन्यांची न दिसलेली बाजू उजेडात यावी.

या कसोटीवर मला किटी प्राइडइतकी अचूक निवड दुसरी माहीत नाही. १९८०मध्ये ख्रिस क्लेअरमाँट आणि जॉन बर्न यांनी तिला 'एक्स-मेन'मध्ये आणलं. शिकागोजवळच्या डिअरफील्डची, तेरा वर्षांची शाळकरी मुलगी. शक्ती काय, तर भिंतीतून आरपार जाणं. त्या शक्तीने कोणाला साधा ठोसाही लगावता येत नाही. पण ती आली आणि घर बदललं. निळ्या कातडीचा, शेपटीचा नाइटक्रॉलर मनाने हळवा आहे हे वाचकाला ठाऊक होतं. ही मुलगी मात्र त्याला बघून दचकते. तिच्या त्या दचकण्यातून त्याचं रोजचं दुःख आपल्याला पहिल्यांदा जवळून कळतं. वादळं उठवणारी स्टॉर्म तिच्यामुळे आईसारखी वागू लागते. आणि ज्याच्या जवळ जायला सहकारीही बिचकत, तो वुल्व्हरिन तिचा गुरू होतो. १९८४मध्ये दोघांच्या नावाने वेगळी मालिकाच निघाली.

'एक्स-मेन'चा १४३वा अंक तर मुद्दाम बघावा. नाताळची आदली रात्र, सगळे बाहेर गेलेले, ज्यू घरातली किटी एक्स-मेनच्या अवाढव्य वाड्यात एकटी आणि मागे लागलेला एक राक्षस. ती पळते, भिंतीमागून भिंती ओलांडते, रडकुंडीला येते. शेवटी त्याला विमानापाशी ओढून आणते आणि इंजिनांच्या झोताने जाळते. या अंकात शक्तीने तिला फक्त पळायला वेळ दिला. वाचवलं ते डोक्याने आणि चिवटपणाने.

स्वभाव बघून निवडायचं म्हणजे गोड माणूस निवडायचा, असा अर्थ कोणी काढू नये. 'न्यू टीन टायटन्स'मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी टेरा नावाची पोरगी आणली ती फितूर म्हणूनच. तसं त्यांनी आधीच ठरवलं होतं. १९८४च्या कथेत तिचा कट उघडा पडला तेव्हा कळलं की तिच्या प्रेमात पडलेला सहकारी चेंजलिंग किती भाबडा होता आणि त्या टोळीचा विश्वास किती खरा होता. टेरा मेली, पण टायटन्सना तिने जे दिलं ते एखाद्या सज्जन सभासदाला देता आलं नसतं.

मराठीत अशी टोळी रचायला कोणी बसत असेल, तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : शक्तींची यादी शेवटी करा. आधी तुमच्या जुन्या पात्रांना एका खोलीत बसवा, त्यांच्यात कोणता विषय कधीच निघत नाही ते शोधा आणि तो विषय पहिल्याच दिवशी काढेल असा माणूस दारातून आत आणा.